निसर्गकविता आणि उपमेची दिशा

निसर्गकवितेचा विचार करू लागताच टीकाकाराची दृष्टी प्रथम कवितेच्या विषयाकडे वळते. कवितेत नदी आहे, वृक्ष आहे, पाऊस आहे, म्हणून ती निसर्गकविता. याच न्यायाने, तोडलेले झाड किंवा दूषित नदी कवितेत आली की तिला पर्यावरणनिष्ठ म्हणण्याचा प्रघात आता पडला आहे. परंतु तोडलेल्या झाडावरील कविता त्या झाडाचा उपयोग केवळ घोषणेच्या फलकासारखा करू शकते. आणि ज्या कवितेत निसर्गाविषयी एकही विधान नाही, तिच्या शब्दाशब्दांत माती असू शकते. मनुष्य आणि निसर्ग यांचे नाते कवितेने कसे जाणले आहे, याची खूण तिच्या विषयात क्वचितच सापडते. ती सापडते तिच्या उपमेच्या दिशेत. उपमेय कोण, उपमान कोण, आणि कोणाचे रूप कोणाच्या आधाराने उभे राहिले आहे, हा प्रश्न वरवर केवळ अलंकारशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो दृष्टीचा आहे.

मानवी भाव जड वस्तूंवर आरोपित करण्याच्या प्रवृत्तीला रस्किनने १८५६ मध्ये दोष ठरविले. आपल्याकडे मात्र कालिदासाने मेघाला दूत करताना, विरहार्ताला चेतन-अचेतनाचा विवेक राहत नाही, अशी कबुली आधीच देऊन ठेवली होती! प्राचीन तमिळ काव्याने तर डोंगर, रान, शेत, समुद्रतीर आणि उजाड प्रदेश या पाच भूमींशी प्रेमाच्या पाच अवस्था निगडित केल्या. तेथे भूमी ही भावनेची सजावट नसून तिचे व्याकरणच आहे. आधुनिक मराठी कवितेला असा संकेत आयता लाभला नव्हता. तिला तो घडवावा लागला, आणि ही घडण तापीच्या खोऱ्यातील व त्याच्या सीमेवरील चार कवींत विशेष स्पष्टपणे पाहता येते.

धरणगावी जन्मलेले बालकवी (१८९०–१९१८) यांच्या ‘फुलराणी’त कळी ही वधू आणि सूर्यकिरण हा वर आहे. येथे उपमेची दिशा घराकडून रानाकडे जाते. माणसाच्या अंगणातला लग्नसोहळा निसर्गाने उसना घेतला आहे, आणि तो त्याला शोभतोही. पण याच कवीच्या आठ ओळींच्या ‘औदुंबर’मध्ये वेगळे घडते. गाव, शेत आणि पायवाट ही माणसाची सारी चिन्हे तेथे आहेत. तरी पायवाट काळ्या डोहाशी येऊन थांबते, आणि पाण्यात पाय सोडून बसलेल्या वृक्षाला माणसाची कसलीच अपेक्षा नाही. झाडाला पाय देणारी कल्पना मानवीच खरी, पण ती झाडाला घरात आणीत नाही. उलट माणसालाच काठावर तिष्ठत ठेवते. या कवितेच्या अर्थाविषयी वाद होत राहिले, याचे एक कारण या अनपेक्षित दिशेत असावे.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. निरक्षर शेतकरी स्त्रीच्या या कवितेत दोन्ही दिशा सहज नांदतात. पेरलेल्या बियांवर माती शालीसारखी पसरते, तेव्हा उपमा घरातून शेतात जाते. परंतु ती शाल पांघरणारे हात पेरणीचेच आहेत, म्हणून तिच्यात लाडिकपणा येत नाही. मन मात्र उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोरासारखे, हाकलावे तितक्यांदा परत येणारे. येथे शेत उपमान झाले आहे. ही उपमा ज्याला नुसती गमतीदार वाटेल, त्याने पिकाची नासाडी कधी पाहिली नसावी. ढोराच्या प्रत्येक फेरीबरोबर वर्षाचे अन्न जाते. चंचल मनाचे मोल कवयित्रीने या हिशेबाने मोजले आहे.

फैजपूरला जन्मलेले बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) निसर्गकवी म्हणून सहसा गणले जात नाहीत. तथापि मुंबई बंदरावरची माघातील पहाट त्यांनी न्हालेल्या गर्भवतीच्या रूपात पाहिली, आणि बंदर व ऋतू यांना एकाच चित्रात बसविले. यंत्रयुगातही महिना माघच राहतो, एवढे भान त्या कवितेने राखले आहे.

अजिंठ्याच्या डोंगराजवळील पळसखेड्याचे शेतकरी ना. धों. महानोर (१९४२–२०२३) यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. तमिळ भूमिसंकेतांची ओळख इंग्रजी वाचकाला करून देणारे ए. के. रामानुजन यांचे भाषांतरही त्याच वर्षीचे, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. महानोरांच्या कवितेत उपमेच्या आधी वाक्यरचनाच पालटते. लळा लावणारे ते शेत, दान देणारे ते आभाळ. तृतीयेतला कर्ता माणूस नाही. त्यांच्या सर्वपरिचित कवितेतील क्रियापदे विध्यर्थी आहेत, कारण ती प्रार्थना आहे. पावसावर अवलंबून असलेल्या शेतीत आभाळाचे दान गृहीत धरता येत नाही. त्यासाठी मागणेच करावे लागते. त्या मागण्याच्या भरात जोंधळ्यावर चांदण्यांचा भार येतो.

भाषांतराची कसोटी नेमकी येथे लागते. इंग्रजीत जोंधळ्याला सरसकट ‘कॉर्न’ म्हटले की आजच्या बहुतेक वाचकांपुढे मका उभा राहतो. मक्याचे दाणे सालपटांत झाकलेले असतात. जोंधळ्याचे कणीस उघडे, आणि त्यावर टपोरे पांढरे दाणे दाटलेले. रात्री त्याच्याकडे पाहताना चांदणे वरून उतरले की खालून उगवले हे कळेनासे होते. पीक बदलले की ती प्रतिमा आंधळी होते, आणि मूळ कवीने डोळ्यांनी पाहिलेली वस्तू भाषांतरात कल्पनाविलास म्हणून वाचली जाते. हिंदीत ‘ज्वार’, कन्नडमध्ये ‘जोळ’ हे शब्द आपापल्या शिवारातूनच आलेले असल्याने, भारतीय भाषांतील परस्पर भाषांतराला ही अडचण फारशी जाणवत नाही.