मोगलाईतली झाडे

राणीच्या बागेत सकाळच्या प्रहरी कुणी जाणता पुढे आणि पंधरावीस माणसे मागे, अशी झाडाझाडापाशी थबकत जाणारी वृक्षफेरी ज्याने एकदा केली, त्याला पुढे कोणत्याही गावच्या बागेत नुसते बाकावर बसून राहणे जड जाते. निदान माझे तसे झाले आहे. १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते उघडलेल्या त्या बागेचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तो येथे उगाळीत नाही. एवढेच नोंदवितो की, २००७ च्या सुमारास महापालिकेने तेथील प्राणिसंग्रहालयाच्या कायापालटाचा आराखडा पुढे आणला आणि झाडांवर गदा येईल या भयाने 'सेव्ह राणी बाग'ची चळवळ उभी राहिली, तेव्हा त्या मंडळींनी अर्जविनंत्यांच्या जोडीला लोकांना बागेत नेऊन उर्वशी आणि गोरखचिंच ओळखावयास शिकविले. आणि माझ्या मते त्यांच्या सर्व खटपटीत हीच अधिक मोलाची, कारण निनावी झाडाच्या तोडीविरुद्ध दाद मागावयास सहसा कोणी जात नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात तशी बाग नाही. येडशीजवळ रामलिंग घाटाचे अभयारण्य मात्र आहे. सुमारे २२ चौरस किलोमीटरांचे, १९९७ साली जाहीर झालेले, आणि रावणाशी झुंजून जटायू जेथे पडला असे आमचे भाविक सांगतात त्या महादेवाच्या देवळाभोवती पसरलेले. श्रावणात धबधबा पाहावयास तेथे माणसांची रीघ लागते. या माणसांना धबधब्याखेरीज झाडेही दाखवावीत असे कोणी मनात आणले, तर दाखविणाऱ्याच्या झोळीत कोणता ग्रंथ असावा, एवढ्या साध्या विचाराने मी शोधास लागलो, आणि हाती आली ती वनस्पतिशास्त्राच्या आड दडलेली एक महसुली भानगड.

पश्चिम हिंदुस्थानातील वृक्षफेरीचा वाटाड्या झाडाचे नाव छातीठोकपणे सांगतो, त्याच्यामागे दीडशे वर्षांची कागदपत्रे उभी असतात. दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक आणि पुढे मुंबई इलाख्याच्या जंगलांचा पहिला मुख्य अधिकारी झालेला डॉ. अलेक्झांडर गिब्सन आणि त्याचा सहकारी डॅल्झेल यांनी १८६१ साली 'बॉम्बे फ्लोरा' प्रसिद्ध केला. त्यानंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य थिओडोर कुक, जो मुळात रेल्वेचे पूल बांधणारा इंजिनिअर होता, त्याने निवृत्तीनंतर क्यू येथील उद्यानात बसून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा तो थोर ग्रंथ सिद्ध केला, जो १९०१ ते १९०८ या काळात बाहेर पडला आणि आजही अभ्यासकांच्या मेजावरून हललेला नाही. पण इलाखा म्हणजे इलाखा! सिंध तेव्हा मुंबईस जोडलेला, म्हणून कराचीच्या वाळूतील झुडपांना कुकच्या ग्रंथात मानाने जागा मिळाली. आणि सोलापूरपासून अवघ्या पंचेचाळीस किलोमीटरांवरचे तुळजापूर मोगलाईत, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या मुलखात, म्हणून बालाघाटच्या कड्यावरचा पळस त्याच्या कक्षेबाहेर राहिला. कुर्डुवाडीकडून बार्शी, येडशी करीत लातूरला जाणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीने ती सरहद्द ओलांडली. ग्रंथाने ओलांडली नाही.

यातील दैवाचा खेळ असा की, मध्यंतरी सात वर्षे हा मुलूख इंग्रजांच्याच अमलाखाली होता. तैनाती फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा प्रदेशही लावून दिला, आणि तेथील कारभार पाहावयास फिलिप मेडोज टेलर आला. हा मनुष्य ठगाची कबुलीजबानी लिहून आधीच विलायतेत गाजलेला होता. नळदुर्गास असताना त्याने जमिनीच्या मोजणीस हात घातला आणि पुढे तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर 'तारा' ही कादंबरी रचली. शेताचा बांध मोजणारा आणि भवानीच्या देवळावर कथा रचणारा अंमलदार लाभूनही झाडांचे दप्तर काही उघडले गेले नाही. १८५७ च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याची बक्षिशी म्हणून १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर त्याला परत मिळाले. आणि डॅल्झेल-गिब्सनांचा ग्रंथ निघाला तो बरोबर पुढच्या वर्षी.

निजामाच्या राज्यात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पार्ट्रिज याने १९११ साली तेथील अरण्यातील वनस्पतींवर पुस्तक केले, आणि १९३०च्या दशकारंभी सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची रीतसर पाहणी केली. पण अरण्याचा ग्रंथ जंगल खात्याच्या नजरेने लिहिलेला. माळावरच्या गवताची आणि चार महिने जगून जाणाऱ्या रोपट्यांची विचारपूस त्याने कितपत करावी?

ती विचारपूस झाली १९७९ साली. मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ उस्मानाबाद' (धाराशिवचे तेव्हाचे नाव उस्मानाबाद) औरंगाबादेत छापला गेला, आणि त्यांचा मराठवाड्याचा द्विखंडात्मक ग्रंथ १९९८ साली आला. म्हणजे कुकचा शेवटचा भाग आणि आमच्या जिल्ह्याची वही यांच्यात एकाहत्तर वर्षांचे अंतर पडले. झाडे बहुतांशी तीच असल्यामुळे कुकचा ग्रंथ इकडेही उपयोगी पडतो हे खरे. परंतु अमुक वनस्पती याच मातीत मिळाली हा दाखला निराळा, सातबाऱ्यावर नाव चढावे तसा. असे ग्रंथ इंग्रजीत, लॅटिन नावांनी आणि ओळख पटविण्याच्या द्विपर्यायी कोष्टकांनी भरलेले असतात, आणि कोष्टकाची वाट बहुधा फुलावरून जाते. त्यामुळे फूल नसलेल्या झाडापुढे ग्रंथ घेऊन उभे राहणाऱ्याची मोठी पंचाईत होते.

म्हणूनच ऋतुवार वर्ग हवेत, आणि श्रावणातली एकच फेरी पुरेशी नाही असे माझे आग्रहाचे मत आहे. पळस आणि पांगारा ओळखावयाचा तो फाल्गुनात, पाने झडून फुले उरतात तेव्हा, बहावा वैशाखात. भाद्रपदात गणपतीच्या पत्रीच्या निमित्ताने आघाडा, माका, दूर्वा यांचा वर्ग आपोआप भरतो. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याऐवजी कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात, तेव्हा दोहोंची पाने शेजारी ठेवून दाखविण्यास तुळजापूरच्या नवरात्रासारखा दुसरा मुहूर्त नाही. आणि मार्गशीर्ष अमावास्येस, आमच्या बोलीत येळवसेला, भज्जी आणि आंबील घेऊन घरेच्या घरे शेतात जातात. मुलांना हरभरा, करडई, शाळू यांची ओळख तेथेच होते. त्या दिवशी बांधावरच्या गवतांकडे, कुसळीकडे आणि पवन्याकडे, बोट दाखविणारा एखादा शिक्षक बरोबर असला म्हणजे झाले.

या वर्गांसाठी जिल्हा परिषदेने नाईकांच्या ग्रंथावरून मराठी नावांची एक स्वस्त पुस्तिका काढावी. नावे मात्र मेंढपाळांना आणि वैदूंना विचारून घालावीत, कोशातून उचलू नयेत. आणि काढावयाचीच तर ती जुनी सरहद्द न मानता पलीकडच्या बार्शी तालुक्यातील माळांवरची झाडेही तिच्यात घ्यावीत.