स्वयंपाकघरांतील गॅसची जोडणी

पेण व रोहा तालुक्यांत भाद्रपदांत गणपति घरीं आले म्हणजे पाहुण्यांच्या पंगती उठतात, आणि नेमका त्याच घाईंत सिलिंडर संपतो. मागील दारीं चूल पेटलेली, देवापुढें समई तेवत असलेली, आणि तशांतच कोणी तरी नवा सिलिंडर लावीत बसलेला, हा देखावा आमच्या वाचकांस अपरिचित नसेल. सन २०१६ मध्यें उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅस खेड्यापाड्यांतून अधिक पसरला. परंतु चूल पुष्कळ घरांतून अद्यापि गेलेली नाहीं. म्हणून जोडणीचा विचार येथें करीत आहों.

सिलिंडरांतील गॅस हवेपेक्षां दीड ते दोन पट जड असतो. धूर वर जातो; हा वायु पाण्याप्रमाणें खालीं उतरून जमिनीलगत व मोरींत सांचतो. हवेंत तो शेंकडा सुमारें दोन भाग मिसळला तरी एका ठिणगीनें भडका होतो. गळती कळावी म्हणूनच त्यांत उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळलेलें असतें.

यास्तव जोडणीपूर्वीं चूल, समई व उदबत्ती शांत करून दारें-खिडक्या उघडाव्या. अखंड दिवा ठेवणाऱ्यांनीं भरलेला सिलिंडर आधींच लावून घ्यावा. सिलिंडर सपाट जागीं उभाच ठेवावा, आणि शेगडी त्याहून उंच ओट्यावर असावी. चुलीशेजारीं जमिनीवर मांडूं नये.

जुन्या सिलिंडरावरील रेग्युलेटर बंद करून मगच काढावा. नव्याचें टोपण काढल्यावर तोंडांतील रबरी वायसर जागेवर आहे कीं नाहीं तें पाहावें. तेथें थेंबभर पाणी घालून बुडबुडे आल्यास टोपण परत बसवून सिलिंडर विक्रेत्याकडे परत करावा. सर्व ठीक असल्यास रेग्युलेटरची काळी कडी वर ओढून तो तोंडावर सरळ दाबावा व कडी सोडावी. खट् असा आवाज होऊन तो घट्ट बसतो. नंतर गॅस सुरू करून सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. फेस फुगला तर गळती आहे असें समजावें. काडी ओढून पाहणें म्हणजे आपल्या हातानें घरास आग लावणें होय.

आपल्या घरीं भाताच्या कणग्या असतात, तेथें उंदीर आलेच. ते नळी कुरतडतात. म्हणून आंत तारेची जाळी असलेली प्रमाणित सुरक्षा नळीच घ्यावी. ती दीड मीटरहून लांब नसावी, मध्यें जोड नसावा, व पांच वर्षांनीं बदलावी. पावसाळ्यांत ओल्या फरशीनें सिलिंडराचें बूड गंजतें, तेंही पाहत जावें.

ज्यांचे घरीं गोबरगॅस आहे त्यांनीं त्याची नळी सिलिंडराच्या शेगडीस जोडूं नये. दोहोंचा दाब निराळा, आणि शेगडीचीं छिद्रेंही निराळीं असतात.

वास आल्यास विजेचें बटण लावूं नये व बंदही करूं नये, कारण दोन्ही वेळां ठिणगी उडते. रेग्युलेटर बंद करावा, दारें उघडावीं, सर्वांस बाहेर न्यावें, आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवावें. ही रीत घरांतील स्त्रियांस व मुलांस आजच दाखवून ठेवावी. कारण प्रसंगीं घरीं तींच असतात, आणि आपण शेतावर असतों.