जुन्या रिसीव्हरला संगणकाची जोड

कॉलिन्स कंपनीने अमेरिकी लष्करासाठी १९५०च्या दशकात विकसित केलेला आर-३९०ए हा रेडिओ रिसीव्हर उचलणे एकट्यादुकट्याचे काम नाही. वजन सुमारे ३८ किलो, आत दोन डझनांहून अधिक व्हॉल्व्ह, आणि स्टेशन लावण्यासाठी दंतचक्रांची अशी मांडणी, की एखादे मोठे घड्याळच उघडून ठेवले आहे असे वाटावे. लष्कराच्या सेवेतून बाहेर पडलेले हे रिसीव्हर हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे ‘हॅम’ मंडळींनी, घरी नेले. हिशेबाच्या वहीत अशा यंत्राचे मूल्य घसारा वजा जाता कधीच शून्य झालेले असते. परंतु वहीतील शून्य आणि उपयोगातील शून्य एक नव्हे. या यंत्राला आज संगणकाची जोड देता येते, आणि ती अल्प खर्चात देता येते.

जुन्या रिसीव्हरची कार्यपद्धती थोडक्यात अशी. अँटेनावर असंख्य स्टेशनांचे संकेत एकत्र येऊन आदळतात. त्यांतील हव्या त्या स्टेशनाचा संकेत रिसीव्हर एका ठरावीक वारंवारतेवर आणून ठेवतो. तिला आय.एफ. म्हणतात, आणि आर-३९०एमध्ये ती अखेरीस ४५५ किलोहर्ट्झ असते. गाळण्याचे आणि वाढवण्याचे बरेचसे काम या टप्प्यावर होते.

दुसरीकडे, ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ ही संज्ञा जोसेफ मिटोला यांनी १९९१च्या सुमारास रूढ केली. यात संकेताचे आकड्यांत रूपांतर करून पुढचे सर्व काम संगणकाकडे सोपवले जाते. २०१२च्या सुमारास एक गंमत झाली. दूरचित्रवाणीसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त यूएसबी डोंगलमधील आरटीएल २८३२यू ही चिप कच्चे आकडे थेट संगणकाला देऊ शकते, हे हौशी लोकांच्या ध्यानात आले आणि हा छंद सामान्यांच्या आवाक्यात आला.

तरीही डोंगल घेतले म्हणजे जुना रिसीव्हर भंगारात द्यावा, हा हिशेब चुकीचा ठरेल. ही चिप आठ बिटांची आहे. तिच्यापाशी मोजमापाच्या पायऱ्या केवळ २५६. जवळच्या बलाढ्य स्टेशनाने त्या सगळ्या पायऱ्या व्यापल्या, तर दूरचा क्षीण संकेत पहिल्या पायरीखालीच गडप होण्याची भीती असते. आर-३९०एचे पुढचे ट्यून केलेले टप्पे त्या बलाढ्य शेजाऱ्याला आधीच दाराबाहेर थोपवतात. जुन्याची निवड आणि नव्याचा हिशेब, असा हा भागीदारीचा व्यवहार आहे.

आर-३९०एच्या मागील बाजूस आय.एफ. बाहेर काढण्याची सोय मुळातच आहे. यंत्र उघडावेही लागत नाही. मात्र हा संकेत फिल्टरमधून गेल्यानंतरचा असतो. म्हणून पडद्यावर फार तर १६ किलोहर्ट्झचा पट्टा दिसतो. संपूर्ण बँड न्याहाळायचा असेल, तर फिल्टरच्या आधीच्या टप्प्यावरून तार घ्यावी लागते. कोठून तार घ्यावी, हाच या उद्योगातील खरा निर्णय.

संगणकाचे साउंड कार्डही डोंगलचे काम करू शकते. सेकंदाला ४८ हजार नमुने घेणारे कार्ड २४ किलोहर्ट्झच्या आतलेच संकेत नीट ओळखते. ४५५ त्याच्या आवाक्याबाहेर. म्हणून ४६७ किलोहर्ट्झचा ऑसिलेटर आणि एक मिक्सर जोडतात. दोहोंतील फरक १२ किलोहर्ट्झ, आणि तो कार्डाला सहज पेलतो. डीआरएम हे डिजिटल प्रसारण ऐकण्यासाठी अनेकांनी हाच मार्ग धरला. ‘ड्रीम’ हे मुक्त सॉफ्टवेअर त्या १२ किलोहर्ट्झमधून स्वच्छ ध्वनी उलगडते. आपल्या आकाशवाणीनेही मध्यम लहरींवर डीआरएम प्रसारण आरंभिले असल्याने ही युक्ती भारतीय श्रोत्यांनाही उपयोगी पडणारी आहे.

ज्या रिसीव्हरला अशी सोय नाही, तेथे मात्र आत हात घालावा लागतो, आणि येथे धाडस कामाचे नाही. व्हॉल्व्हच्या यंत्रात दोनशे व्होल्ट वा त्याहून अधिक दाब खेळत असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ साठून राहतो. तो हाताला लागला तर जीवावर बेतू शकते. डोंगलपर्यंत हा दाब पोहोचू नये म्हणून पुरेशा व्होल्टेजचा कपॅसिटर मध्ये घालावा लागतो. शिवाय एक छोटा बफर हवाच. अन्यथा बाहेरच्या तारेचा भार पडून रिसीव्हरचे ट्यूनिंग बिघडते. प्रक्षेपणही करणारे यंत्र असेल, तर बोलताना डोंगलची वाट आपोआप बंद होईल अशी व्यवस्था आवश्यक. जुन्या पेटीला नवे भोक पाडणे शक्यतो टाळावे. मागील एखादे रिकामे छिद्र बहुधा सापडतेच.

एवढे केल्यावर पडद्यावर जे उमटते, ते केवळ स्टेशनांचे चित्र नसते. यंत्र तापेपर्यंत स्टेशनाची रेषा तिरकी सरकते, मग हळूहळू सरळ होते. वीजपुरवठ्यातील कपॅसिटर थकला असेल, तर त्या रेषेच्या दोन्ही अंगांना समान अंतरावर फिकट रेषा दिसू लागतात. आजवर कानाला नुसती घरघर वाटणारा बिघाड आता डोळ्यांना दिसतो, आणि कोणता भाग बदलायचा याचा अंदाज सोल्डरिंगची कांडी तापवण्यापूर्वीच बांधता येतो.