नैतिक उत्तरदायित्व आणि क्षमा (ख्रिस्ती व निरीश्वरवादी दृष्टिकोन)

नैतिक उत्तरदायित्व म्हणजे स्वतःच्या कृत्यांबद्दल उत्तर देण्याची माणसाची बांधिलकी. हे उत्तर कोणाला द्यायचे, याविषयी ख्रिस्ती आणि निरीश्वरवादी विचारांत मूलभूत मतभेद आहे. क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्नही त्यातूनच उद्भवतो.

ख्रिस्ती दृष्टिकोन

ख्रिस्ती मतानुसार पाप हे पीडित व्यक्तीप्रमाणेच ईश्वराविरुद्धही घडते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातील अंतिम न्यायाच्या वर्णनात भुकेल्याला अन्न देणे, आजाऱ्याची विचारपूस करणे, बंदिवानाला भेटणे या कृत्यांवरून निवाडा होतो. क्षमा ही ख्रिस्ताच्या बलिदानामुळे लाभणारी कृपा मानली जाते; मात्र पश्चात्ताप आवश्यक असतो. कॅथलिक पंथात धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्याचा संस्कार आहे, तर प्रोटेस्टंट पंथांत थेट ईश्वरापुढील कबुलीवर भर असतो.

पंडिता रमाबाई (1858–1922) यांनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी लंडनमध्ये चाललेले ख्रिस्ती भगिनींचे कार्य पाहून आपण प्रभावित झाल्याचे त्यांनी आत्मनिवेदनात नमूद केले आहे. पुढे केडगाव येथे त्यांनी अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ सुरू केले.

निरीश्वरवादी दृष्टिकोन

या मतानुसार माणूस इतर माणसांना, समाजाला आणि स्वतःच्या विवेकाला उत्तरदायी असतो. क्षमेचा अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला त्याचाच असल्याने, मृताच्या वतीने क्षमा करता येत नाही, असे अनेक निरीश्वरवादी मानतात.

‘सुधारक’कार गोपाळ गणेश आगरकर (1856–1895) हे अज्ञेयवादी होते. परलोकाच्या भयाऐवजी विवेक आणि मनुष्यहित यांवर त्यांनी नीतीची उभारणी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपूर येथे अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या त्यांच्या ग्रंथानुसार धम्मात ईश्वराचे स्थान नीतीला आहे आणि नीतीला ईश्वरी आज्ञेची गरज नाही. बौद्ध धम्म आणि आधुनिक निरीश्वरवाद या भिन्न परंपरा असल्या, तरी या मुद्द्यावर त्या जवळ येतात.

परस्पर आक्षेप

ईश्वरी न्याय नसेल तर कधीच न पकडला गेलेला अपराधी सुटतो आणि पीडिताला न्याय मिळत नाही, असा ख्रिस्ती आक्षेप आहे. मर्यादित अपराधाला अनंत शिक्षा अन्यायकारक असून ईश्वराने परस्पर दिलेल्या क्षमेत पीडिताला स्थान उरत नाही, असा निरीश्वरवाद्यांचा प्रतिवाद आहे. यावर ख्रिस्ती विचारवंत मत्तयच्या 5व्या अध्यायाकडे लक्ष वेधतात. तेथे वेदीवर दान अर्पण करण्यापूर्वी दुखावलेल्या बंधूशी समेट करण्यास सांगितले आहे.

क्षमा आणि कायदा

1999 मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांची हत्या झाली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. मात्र क्षमा आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम या वेगळ्या गोष्टी असल्याचेही स्पष्ट केले. विवेकवादी कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. या खटल्यात विशेष न्यायालयाने 10 मे 2024 रोजी दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. परलोकातील न्याय न मानणाऱ्यांच्या दृष्टीने अशा प्रकरणी न्यायालय हेच उत्तरदायित्वाचे अखेरचे स्थान असते. ख्रिस्ती दृष्टीने मानवी निवाड्यानंतरही ईश्वरी निवाडा शिल्लक राहतो.