गप्पी मासे, आपलं मन आणि परत गेलेलं स्थळ

हिवताप पसरू नये म्हणून आरोग्य खात्याची माणसं हौदात गप्पी मासे सोडतात, ते तुम्ही पाहिले असतील. आज बोलायचंय त्याच माशांवरून, पण डासांबद्दल नाही, मन जडण्याबद्दल.

1992 साली ली डुगाटकिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक प्रयोग छापला. काचेच्या टाकीत मधोमध एक गप्पी मादी, दोन टोकांना एकेक नर. त्यातल्या एका नराजवळ दुसरी मादी ठेवली आणि मधलीला ते बघू दिलं. मग दुसरीला काढून घेतलं आणि मधलीला मोकळं सोडलं. 20 पैकी 17 वेळा ती त्याच नराकडे गेली, ज्याच्याजवळ दुसरी दिसली होती. पुढे असंही दिसलं की धाकटी मादी थोरलीचं पाहून निवड करते, थोरली मात्र धाकटीचं बघत नाही. (हे सासूबाईंना सांगू नका!)

असं का? जोडीदार पारखायला वेळ लागतो, जोखीमही असते. दुसरीने पारखला असेल तर आपले कष्ट वाचतात. आठवडी बाजारात जिच्यापुढे गर्दी, तिच्याकडूनच आपण भाजी घेतो, तसंच.

माणसांचं काय? 2007 साली छापलेल्या एका अभ्यासात बायकांना पुरुषांचे फोटो दाखवले. एखाद्या पुरुषाकडे दुसरी बाई हसून बघतेय असं दिसलं, की तो त्यांना आधीपेक्षा बरा वाटू लागला. तेच फोटो पुरुषांना दाखवले, तर त्यांना तो उलट कमी आवडला. म्हणून पुरुष यातून सुटले असं नाही. 2010 च्या एका अभ्यासात तरुण-तरुणींना अनोळखी जोड्यांच्या पहिल्या भेटींच्या चित्रफिती दाखवल्या. भेट चांगली झाली असं वाटलं, की बघणाऱ्या मुलींची त्या मुलातली आणि बघणाऱ्या मुलांची त्या मुलीतली गोडी वाढली.

2018 साली आणखी एक गंमत पुढे आली. इतरांनी दिलेले गुण कळल्यावर बायकांनी पुरुषांच्या चेहऱ्यांबद्दलचं आपलं मत बदललं, आणि नुसत्या रंगांच्या चित्रांबद्दलचंही. म्हणजे ही खोड प्रेमापुरती नाही. साडी असो की जावई, आपण चार जणींकडे बघतोच.

आता ती फोटोतली हसणारी बाई घ्या. तो पुरुष दारू पितो का, हात उगारतो का, तिला काय ठाऊक? जिने खरंच पारखलंय तिचं मत कामाचं. बाकीच्या एकमेकींकडे बघून माना डोलावतात.

नकाराचंही असंच होतं. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीचं पहिलं स्थळ परत गेलं, कारण मुलाचं दुसरीकडेच ठरलं होतं. दुसऱ्यांनी फक्त "आधीचे का परत गेले?" एवढं विचारलं आणि उठले. तिसऱ्यांनी आधीचे दोन मोजले. मुलगी तीच, बी.ए. झालेली, शिवणकाम करून महिन्याला स्वतःचे पैसे कमावणारी. हळदीकुंकवाला हा हिशोब आम्हीच कुजबुजत होतो, मीसुद्धा.

चौथ्या वेळी तिने पोहे केले नाहीत. मुलाला म्हणाली, "आधी किती आले ते विचारायचं असेल तर आत्ताच विचारा." तो म्हणाला, "ते राहू दे, मशीन कोणतं चालवता?" मग दोघं ओट्यावर तासभर बोलत बसले. ठरलं की नाही, ते अजून तिने आम्हाला सांगितलेलं नाही.