दहा बाइटांची चिठ्ठी

जत्रेत घेतलेल्या रोबोटच्या पाठीचे चार स्क्रू काढले की आधी थोडी निराशाच होते. आत बॅटरीचा डबा, दोन मोटर, पांढरी दातेरी चाकं, रुपयाएवढा स्पीकर आणि हिरव्या पट्टीवर डांबराचा थेंब पडावा तसा एक काळा ठिपका. तो ठिपका हाच त्याचा मेंदू. कारखान्यात एकदा कोरलं गेलं तेच तो जन्मभर करणार: चार पावलं, लाल दिवा आणि तीच कर्कश धून.

हा मेंदू पुसता येत नाही, म्हणून त्याच्या तारा कापायच्या आणि जुन्याच हातापायांना आर्डुइनो ऊनोचा, म्हणजे आपल्याला हवा तो प्रोग्राम भरता येणारा, बोर्ड जोडायचा. (बोर्ड मिळेल पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर. पिशवी घेऊन जा, एकच वस्तू घेऊन कुणी परतत नाही.) पण थेट नाही. बोर्डाच्या पिनेतून जेमतेम 20 मिलिअँपिअर निघतात, मोटरला त्याच्या कितीतरी पट हवेत. म्हणून मध्ये एल293डी ही चिप. तिच्यात प्रत्येक मोटरसाठी चार स्विच असतात. तिरक्या जोडीतले दोन लागले की मोटर पुढे, दुसऱ्या जोडीतले लागले की मागे. चालायला शिकवणं एवढ्यावर भागतं, प्रोग्रामच्या पाचदहा ओळींत.

खरी गंमत आवाजाची. फोनवर मी आजीचं ‘अरे सांभाळ, पडशील!’ रेकॉर्ड केलं. साध्यात साधा आवाज साठवायचा तरी सेकंदाला 8000 आकडे लागतात, म्हणजे हवेच्या थरथरीची 8000 मापं. एका मापाला एक बाइट धरला तर ऊनोच्या 32 किलोबाइट मेमरीत जेमतेम चार सेकंद मावतात! जे यंत्र घरभर फिरू शकतं, त्याच्या डोक्यात आजीची दोन वाक्यंही नीट बसत नाहीत.

मग पोस्टाच्या तिकिटाएवढा डीएफप्लेअर मिनी आणायचा. त्यात मेमरी कार्ड, कार्डावर हव्या तितक्या एमपी3 फाइली. ऊनो त्याला फक्त चिठ्ठी पाठवतो, ‘पहिली फाइल वाजव’. ही चिठ्ठी अवघी दहा बाइटांची. पोचायला सेकंदाचा शंभरावा हिस्सा. बोलणारा वेगळा, बोलायला सांगणारा वेगळा.

कधी बोलायचं ते ठरवायला आणखी एक आवाज लागतो, जो आपल्याला ऐकूच येत नाही. छातीवर बसवलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर 40 किलोहर्ट्झची शीळ घालतो. माणसाचे कान 20 किलोहर्ट्झच्या आसपासच हात टेकतात. भिंत 20 सेंटिमीटरवर आली की शिळेचा पडसाद साधारण 1.2 मिलिसेकंदांत परत येतो. मोटर थांबतात, चिठ्ठी सुटते.

‘अरे सांभाळ, पडशील!’

स्वयंपाकघरातून आजीचा प्रश्न आला, ‘‘कुणाला रे ओरडतेय मी?’’