गतिरोधक : उंचवटा आणि शास्त्र

मुळशी तालुक्यातील बावधन बुद्रुक हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. गावाच्या वाटा नागरी वस्तीचे रस्ते बनल्या की वाहनांचा वेग हा शाळकरी मुलांच्या व वृद्धांच्या जिवाचा प्रश्न ठरतो. वेग दुप्पट झाल्यास वाहनाची गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणूनच अंतर्गत रस्त्यांवर गतिरोधक घालण्याची मागणी होते.

परंतु प्रत्येक उंचवटा हा गतिरोधक नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो गोलाकार, ३.७ मीटर रुंद व मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा. त्यावरून ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने वाहन सुखरूप जाते. त्याहून अधिक वेग घेणाऱ्यासच धक्का बसतो. अरुंद व उभट बांध मात्र सावकाश जाणाऱ्या रुग्णवाहिकेतील रुग्णासही हादरवितो आणि दुचाकीस्वाराचा तोल घालवितो.

गतिरोधकापूर्वी ४० मीटरवर सूचनाफलक आणि त्यावर रात्री दिसतील असे पट्टे असणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी हा उपाय नाही. पंचायतींनी ठराव करताना मापांचाही आग्रह धरल्यास रक्षणासाठी घातलेला उंचवटा अपघाताचे कारण होणार नाही.